मोरचुदाचा हिशेब

तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार आणि पुण्यात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची भाची यांच्यात ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास एक वाद हमखास होतो. विषय मोरचूद. मामा या बाबतीत दुहेरी गुंतलेले आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. घरची बाग आहे, आणि सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत मोरचूद बनवण्याचा छोटा कारखानाही आहे. बनवणारे तेच, फवारणारेही तेच. भाचीपुढे येते ती माती, पिशवीत भरलेली, वर गट नंबराची चिठ्ठी लावलेली.

यंदा वादाला तोंड फुटलं ते छाटणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. उघड्या ओलांड्यांवर आणि काड्यांवर मारायला बोर्डो मिश्रण तयार होत होतं. रात्रभर फडक्यात बांधून पाण्यात लोंबकळत ठेवलेले खडे सकाळपर्यंत विरघळले होते. दुसऱ्या पिंपात कळीचा चुना विझवून, गाळून ठेवला होता. पिंपं प्लॅस्टिकची, कारण मोरचुदाचं पाणी लोखंड खातं. गडी दोन्ही द्रावणं तिसऱ्या पिंपात एकदम ओतत होते आणि आकाशी रंगाचं दाटसर मिश्रण तयार होत होतं.

मामांनी घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवला, वर काढला, उन्हात धरून पाहिला. पात्यावर तांबूस थर नव्हता. "जमलं. चुना पुरेसा पडलाय."

"आणि जमिनीला तांबं पुरेसं झालं का, ते कोणता विळा सांगतो?" भाचीने विचारलं.

"आली का पुण्याची हवा बोलायला! अगं, डाऊनी घडावर उतरला की चार दिवसांत बाग रिकामी होते. बँकेत जाऊन 'हप्ता नाही, पण माती शुद्ध आहे' असं सांगू का मी?"

मामांचा हा युक्तिवाद नवा नाही. तो साधारण 140 वर्षं जुना आहे आणि त्याचं मूळ फ्रान्समध्ये आहे. फिलॉक्सेरा नावाच्या किडीने तिथल्या बागा बसवल्या, म्हणून अमेरिकेतून त्या किडीला दाद न देणारे वेल आणले गेले. त्यांच्यासोबत डाऊनी, म्हणजे केवडा रोग, युरोपात आला. फ्रान्समध्ये तो 1878 साली सापडला. पुढची गोष्ट मामा दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी थोडी रंगवून सांगतात, पण गाभा खरा आहे. 1882 च्या ऑक्टोबरात बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेदॉक भागातल्या सें-जुलियां इथल्या एका बागेतून चालले होते. बाकीच्या वेलींची पानं रोगाने झडलेली, रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार. त्या ओळींवर निळसर डाग होते. चौकशी केली तेव्हा कळलं, की येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून त्यांच्यावर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. रंग बघून लोकांनी हात लावू नये, एवढाच हेतू. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गायों यांना हाताशी धरलं, शातो दोझाकच्या बागेत प्रयोग झाले आणि 1885 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

"चोरासाठी केलेली युक्ती, आणि त्यावर सगळ्या जगाची बागायत तरली," मामा म्हणाले.

"तरली, हे मान्य. पण त्या चोरांना जे कळत होतं तेच मी म्हणतेय. ते विष आहे."

"विष आहे म्हणूनच तर मारतो! दूध-साखर फवारून केवडा जातो का?"

मामांना खरी मजा येते ती कारखान्याबद्दल बोलताना. त्यांच्याकडे विजेच्या तारांची, मोटारींच्या वाइंडिंगची तांब्याची मोड येते. पातळ गंधकाम्लात तांबं टाकलं आणि हवा लागू दिली नाही, तर ते ढिम्म हलत नाही. जस्त किंवा लोखंड आम्लातून हायड्रोजन बाहेर ढकलतं, तांब्यात तेवढा जोर नाही. तीव्र आणि उकळतं आम्ल वापरलं तर तांबं विरघळतं, पण निम्मं आम्ल सल्फर डायऑक्साइडच्या धुरात वाया जातं आणि शेजारचे कारखानदार तक्रार करतात ते वेगळंच. म्हणून उंच नळकांड्यात मोड भरायची, वरून गरम पातळ आम्ल झिरपवायचं, खालून हवा आणि वाफ सोडायची. हवेतला ऑक्सिजन तांब्याला उठवतो, मग आम्ल त्याला पोटात घेतं. खाली गडद निळं पाणी जमतं. ते थंड केलं की खडे धरतात, कारण गरम पाण्यात जेवढं मोरचूद मावतं त्याचा थोडाच भाग थंड पाण्यात मावतो.

हिशेबही पक्का आहे. एक किलो तांबं, सुमारे दीड किलो आम्ल, आणि त्यातून जवळपास चार किलो मोरचूद. चारपट कसं? कारण खड्याच्या वजनात तांबं फक्त 25 टक्के. 36 टक्के चक्क पाणी असतं, स्फटिकाच्या रचनेत अडकलेलं. तेच पाणी त्याला निळा रंग देतं. खडा तव्यावर तापवला तर पांढरी भुकटी उरते, तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की पुन्हा निळी. शाळेतल्या प्रयोगशाळेत ही जादू पाहिलेले वाचक पुष्कळ असतील.

"म्हणजे किलोमागे साडेतीनशे ग्रॅम पाणी विकता तुम्ही," भाची म्हणाली.

"आणि वर जीएसटी लावतो."

ग्राहकाला भुकटीपेक्षा मोठा खडा हवा असतो. भुकटीत हिराकस मिसळलेलं ओळखू येत नाही, ही शेतकऱ्याची भीती रास्त आहे. पण मोठा खडा करायचा म्हणजे द्रावण सावकाश थंड करायचं, टाक्या अडकून पडतात. ही घाई-सबुरी फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने स्पेनमधली पद्धत लिहून ठेवली आहे: खाणीच्या पाण्याच्या हौदात दगड बांधलेले दोर सोडायचे आणि त्यांवर काचेसारखे मणी धरू द्यायचे. ते मणी त्याला द्राक्षांच्या घडासारखे दिसले. मोरचूद आणि द्राक्षं यांची गाठ अठराशे वर्षांनी पडायची होती, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार! आपल्याकडे 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात 'सस्यक' हा पदार्थ आठ महारसांमध्ये येतो. ते मोरचूदच, आणि त्यापासून तांबं परत काढण्याच्या कृतीही तिथे आहेत.

तांबं परत काढणं मामांच्या कारखान्यातही चालतं, पण ग्रंथ न वाचता. खडे काढून उरलेलं पाणी पुन्हा नळकांड्यात फिरवतात. काही फेऱ्यांनंतर त्यात लोखंड, निकेल, जस्त साचतं आणि ते बाजूला काढावंच लागतं. त्या पाण्यात लोखंडाची भंगार टाकली की लोखंड विरघळतं आणि तांबं लाल चिखल होऊन खाली बसतं. विळ्याच्या पात्यावर जे दिसू नये म्हणून बागेत चुना घालतात, तेच इथे मुद्दाम घडवून आणायचं. मामा दोन्ही गोष्टी अनेक वर्षं करत होते. दोन्ही एकच आहेत हे भाचीने सांगितलं तेव्हा ते थोडे खूश झाले आणि थोडे वरमले.

"मोठ्या रिफायनऱ्यांत तर हे ओघानेच मिळतं," ते पुन्हा जोशात आले. "तांबं शुद्ध करताना पाणी बदलावं लागतं, त्यातून मोरचूद निघतं. तुतिकोरिनचा तांब्याचा कारखाना 2018 ला बंद पडला, देश तांबं आयात करायला लागला, मोडीचा भाव चढला. फटका कुणाला? आम्हाला."

"तुतिकोरिनला त्या मे महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसं गेली, मामा. प्रदूषणाविरुद्ध मोर्चा होता. फटक्याची यादी करायची तर तिथून सुरू करा."

यावर मामा काही बोलले नाहीत. पिंपातलं मिश्रण ढवळत राहिले. त्यांनी बाजू बदलली असं नव्हे, पण असल्या ठिकाणी गप्प राहण्याचा शहाणपणा त्यांच्याकडे आहे.

चहाच्या वेळी ते नव्या दमाने आले. या वेळी मुद्दा उपकारांचा होता. तू रक्तदान करतेस ना, त्यांनी विचारलं. बोटाला सुई टोचून थेंब निळ्या पाण्यात सोडतात, ते पाणी कशाचं? प्रश्न बरोबर होता. 1.053 इतकी सापेक्ष घनता असलेल्या मोरचुदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब पंधरा सेकंदांत बुडला, तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या आसपास किंवा वर आहे असं समजतात आणि दात्याला खाटेवर घेतात. गावोगावच्या शिबिरांत ही चाचणी वर्षानुवर्षं चालत आली आहे. वीज नको, यंत्र नको. मधुमेहाची लघवी तपासायचं बेनेडिक्ट द्रावणही याचंच. साखर असेल तर निळ्याचं हिरवं, पिवळं, शेवटी विटकरी होतं.

भाचीने आश्चर्य म्हणजे त्यांच्या यादीत भर घातली. 1912 साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी क्ष-किरण पहिल्यांदा स्फटिकातून सोडले, तो स्फटिक मोरचुदाचा होता. अणू रांगेने बसलेले असतात याचा पुरावा त्या खड्याने दिला आणि लाउए यांना नोबेल मिळालं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी 1933 मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण शोधलं. ते लाकडात मुरवलं की वाळवी लागत नाही. विजेच्या खांबांपासून घरांच्या ओट्यांपर्यंत जगभर ते वापरलं गेलं. पुण्यातल्या आप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या बाइंडरांना यातलं काही ठाऊक नसलं, तरी खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की पुस्तकाला कसर लागत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं.

"बघ! आता तूच माझी वकिली करतेस."

"थांबा. पुण्याचंच दुसरं सांगते."

आणि तिने जे सांगितलं, ते या वादातलं सर्वांत वजनदार प्रकरण आहे, जरी त्यात मोरचूद नाही. यकृताच्या एका आजाराने भारतातली लहान मुलं, बहुतेक तीन वर्षांच्या आतली, दगावत असत. त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' असंच नाव पडलं होतं. मुलांच्या यकृतात तांबं भरमसाट सापडे. 1980 च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या खाण्याचा माग काढला. आजारी मुलांच्या घरी वरचं दूध फार लवकर सुरू झालेलं, आणि ते पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं किंवा ठेवलेलं, असं चित्र पुन्हा पुन्हा दिसलं. दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात. भांडी बदलली, आयांना सांगितलं गेलं, आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

"आमच्या आईची भांडी कल्हईची होती," मामा म्हणाले.

"म्हणून तुम्ही वाचलात. कल्हई उडालेल्या भांड्यातलं तांबं डोळ्यांना दिसत नव्हतं, मामा. रोज थोडं थोडं जात होतं, नि बाळाच्या यकृताला ते बाहेर टाकता येत नव्हतं. माझं मातीबद्दल म्हणणं वेगळं काय आहे?"

मूल आणि माती यांची बरोबरी करणं थोडं ओढूनताणून आहे, पण तिचा रोख बरोबर होता. मामांनी मोर्चा डाऊनीकडे वळवला. नवी आंतरप्रवाही औषधं त्यांनी सगळी वापरली आहेत. मेटालॅक्सिल आलं तेव्हा बागायतदारांना देव भेटल्यासारखं झालं होतं. मग बुरशी त्याला सरावली. स्ट्रॉबिल्युरिन गटाचंही तेच झालं. ही औषधं बुरशीच्या एखाद्याच नेमक्या जागी घाव घालतात. तिथे एक बदल झाला की औषध निकामी. तांबं तसं नाही. पानावरच्या दवात बोर्डोमधून तांब्याचे आयन जरा जरा सुटतात आणि पोहत येणाऱ्या बीजाणूच्या अनेक प्रथिनांना एकदम धरतात. इतक्या जागा एकाच वेळी बदलणं डाऊनीला 140 वर्षांत जमलेलं नाही.

"डाऊनीला नाही जमलं. जिवाणूंना जमलं," भाचीने लगेच अडवलं. "फ्लोरिडात टोमॅटो-मिरचीवरच्या झॅन्थोमोनासने 1980 च्या दशकातच तांब्याला भीक घालणं सोडलं. आपल्याकडे डाळिंबाचा तेल्या त्याच गोत्रातला. आणि तुमचं बोर्डो पानात शिरलेल्या रोगाला काही करत नाही. आधी बसलं तर बसलं. म्हणून तुम्ही पाऊस दिसला की मारता, पाऊस धुऊन नेतो, की परत मारता."

"मग धुऊन गेलं ना? जातं कुठे ते?"

"हाच तर प्रश्न!"

तिने जमिनीवर काडीने हिशेब मांडला. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद. एकरी चारशे लिटर धरलं तर चार किलो मोरचूद, म्हणजे साधारण एक किलो तांबं. हेक्टरला अडीच किलो. दोन फवारण्या झाल्या की पाच किलो. युरोपीय संघाने 2019 पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, वर्षाला सरासरी चार. तुम्ही दोन फवाऱ्यांतच ती ओलांडता, आणि पावसाळ्यातल्या पानांवरचे फवारे मी मोजलेलेच नाहीत, असं तिने ऐकवलं. वरच्या पंधरा सेंटिमीटरची माती हेक्टरी सुमारे वीस लाख किलो भरते. पाच किलो तांबं त्यात मिसळलं तर किलोमागे अडीच मिलिग्रॅम. वीस वर्षांत पन्नास. युरोपभरच्या मातीच्या नमुन्यांत सरासरी तांबं किलोमागे 17 मिलिग्रॅमच्या आसपास निघालं, तिथल्या द्राक्षबागांत 49.

इथे मातीशास्त्र मामांच्याही बाजूने बोलतं, आणि ते त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं. आपली काळी माती चुनखडीची, सामू आठच्या पुढे. अशा जमिनीत तांबं घट्ट बांधलं जातं, मुळांना सहसा इजा होत नाही. त्रास होतो तो आम्लधर्मी, रेताड जमिनीत. फ्रान्समध्ये अशा जुन्या बागा काढून दुसरी पिकं लावली तेव्हा रोपं खुरटली होती.

"म्हणजे आपल्याला चिंता नाही."

"बांधलं गेलं म्हणजे संपलं नाही. कीटकनाशक ऊन-पाण्याने, जिवाणूंनी तुटतं. तांबं हे मूलद्रव्य आहे, त्याचं तुटून काय होणार? गांडूळ तीच माती खातं. आणि बीजाणूला ज्याने सवय होऊ दिली नाही तो गुण तोच, मामा. ते बदलत नाही, म्हणून तिथे कामाला येतं आणि इथे साचतं."

मामांनी मान हलवली, होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही. सेंद्रिय शेतीच्या नियमांची मात्र त्यांनी यथेच्छ टिंगल केली. तिथे कारखान्यातली औषधं बंद, पण बोर्डोला सशर्त परवानगी. कारण ते जुनं! आणि हे खरंच गमतीचं आहे. भाचीलाही ते पटलं. तिने भर घातली ती पोर्तुगालची: 1969 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी पाठपंपाने वर्षानुवर्षं बोर्डो मारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत निळसर चट्टे आणि तांबं सापडल्याचं लिहिलं होतं. ब्लोअर चालवणाऱ्या गड्याच्या तोंडाला रुमालच होता. संध्याकाळपर्यंत मास्क आला. एवढ्या एका मुद्द्यावर मामांनी वाद घातला नाही.

पर्यायांची चर्चा लवकर आटोपली. अर्धा टक्का बोर्डो चालेल का? काड्यांवर एक, पानांवर अर्धा, यावर तडजोड झाली. बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन घातलं की पानं ओली होत नाहीत आणि डाऊनीचा जोरच ओसरतो, पण एकरी खर्च ऐकून मामांनी कानावर हात ठेवले. आघारकर संस्थेचं बुरशीला दाद न देणारं एआरआय-516 वाण? "रसाचं वाण आहे ते. लंडनच्या दुकानात बियांची द्राक्षं कोण घेतं?" हा मुद्दाही बिनतोड होता.

मग मामांनी कपाटातून मृदा आरोग्य पत्रिका आणली. तांब्यापुढे 'पुरेसे' असा शेरा होता. आता बोल, असा त्यांचा आविर्भाव.

"ही पत्रिका कमतरता शोधायला आहे," ती म्हणाली. "डीटीपीए या रसायनाने मातीतलं झाडाला मिळण्याजोगं तांबं काढतात आणि ते किलोमागे 0.2 मिलिग्रॅमच्या खाली आहे का एवढं बघतात. वर किती गेलं, हे तिने विचारलेलंच नाही. एकूण तांबं तपासायला हवं. बागेतल्या ओळीतली माती घ्यायची, शेजारी कधीच फवारा न पडलेली माती घ्यायची, आणि फरक बघायचा. बांधावरची चालेल."

"बांधावर ब्लोअरचा फवारा जातोच की. उत्तरेकडची निंबोणी बघ, खोडापर्यंत निळी झालीय."

"मग विहिरीपलीकडचा पडीक तुकडा?"

मामा हसायला लागले. "तिथं आमच्या वडिलांची पहिली थॉमसनची बाग होती. सत्त्याऐंशीला काढली. तेव्हा बोर्डोशिवाय मारायला दुसरं काय होतं?"

"मग तिथली तर घ्यायलाच हवी," भाची म्हणाली. "वेगळ्या पिशवीत. आणि एक देवळाच्या मागची."